भाचा दवाखान्यातून घरी आला, आता भाऊ-वहिनीसाठी काय करू?

प्रश्न मानेवाड्याच्या एका ताईंचा आहे. त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा १६ वर्षांचा, अकरावीत, सोबत नीटचे क्लास. फेब्रुवारीत त्याची झोप उडाली. शेजारचे आपल्याबद्दलच बोलतात असं तो म्हणू लागला, मग कानात आवाज यायला लागले. ३ आठवडे भरती होता, १२ दिवसांपूर्वी घरी आला. रिस्पेरिडोन ही आवाज-संशय कमी करणारी गोळी सुरू आहे, आजाराचं नाव डॉक्टरांनी अजून पक्कं केलेलं नाही. भाऊ दोष देतो वहिनीने केलेल्या मोबाइलच्या लाडांना, वहिनी भावाने लावलेल्या क्लासच्या धोशाला, आणि आजी म्हणते बाहेरचं आहे. ताई विचारतात, "मी रोज दोनदा फोन करते, पण आता वहिनी उचलतच नाही. या दोघांना आधार द्यायचा म्हणजे मी नेमकं करू काय?"

ताई, आधी फोनचंच बोलू. नागपुरात मनोविकार विभागात सामाजिक कार्यकर्ती म्हणून मला २२ वर्षं झाली. गोळी लिहिणं डॉक्टरांचं काम. ती गोळी घरात पोचल्यावर त्या घराचं काय होतं, ते पाहणं माझं. पहिल्या पंधरवड्यात आईचा जीव बहुतेक घरांत फोनने मेटाकुटीला येतो. एकीने ओपीडीच्या बाकावर बसून मला मोबाइल उघडून दाखवला होता. सकाळी ९ ते ११, १७ फोन. सगळे जवळच्यांचे, सगळे काळजीपोटी केलेले. कसा आहे, जेवला का, डॉक्टर काय म्हणाले, पण झालं कशानं? ती म्हणाली, "मॅडम, पोराले सांभाळू का ह्यायले?"

तुमचा फोन मायेचाच आहे. पण उचलला की वहिनीला हिशेब द्यावा लागतो. "बरा आहे" म्हणावं तर खोटं, "तसाच आहे" म्हणावं तर तुमचा आवाज भरून येणार आणि मग तिनेच तुमची समजूत काढायची. म्हणून काही विचारायला फोन करणं आजपासून बंद. त्याऐवजी निरोप टाका, "उद्या संध्याकाळची भाजी-पोळी मी आणते, उत्तर नाही दिलं तरी चालेल." बाकीच्यांचे फोन स्वतःकडे वळवून घ्या. मावश्या, काका, चुलत सासू, सगळ्यांना सांगा की विचारायचं ते मला विचारा. लोकांना किती सांगायचं ते मात्र भाऊ-वहिनीने ठरवायचं, आणि मुलगा बोलण्याच्या स्थितीत असेल तर त्यालाही विचारायचं. उद्या तोच मुलगा या नातेवाइकांत वावरणार आहे. "तब्येत बिघडली होती, उपचार चालू आहेत" एवढं पुरतं. पुढचा प्रश्न आला तर तेच वाक्य पुन्हा म्हणा.

आता मुख्य गोष्ट. मुलगा भरती असतो तेव्हा वॉर्डात नर्स असते, डॉक्टर राउंडला येतात, नातेवाईक फळं घेऊन येतात. खरी झीज होते ती घरी आल्यावर, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, आणि तोवर माणसं पांगलेली असतात. आवाज आणि संशय गोळीने बहुतेकदा काही आठवड्यांत ओसरायला लागतात. त्यानंतर एक मंद काळ येतो. मुलगा ११ वाजेपर्यंत झोपतो, आंघोळीला दहादा सांगावं लागतं, टीव्हीसमोर बसतो पण पाहत नसतो, मित्रांचे मेसेज उघडत नाही. हे थोडं आजाराचं असतं, थोडं गोळीचं, थोडं जे घडून गेलं त्याच्या धक्क्याचं, आणि कित्येक महिने चालू शकतं. नेमकं तेव्हाच कोणीतरी म्हणतं, "आता तर चांगला दिसून राह्यला, मग कॉलेजात काहून नाही जात?" त्या एका वाक्याने आईचे पुढचे चार दिवस जातात.

गोळ्याही बरं वाटल्यावर लगेच बंद होत नाहीत. अशा पहिल्या झटक्यानंतर साधारण वर्ष-दोन वर्षं तरी त्या चालवायला सांगतात. म्हणून तुम्ही जे काही कराल ते १२ महिने झेपेल एवढंच ठरवा. एक वार आणि एक काम.

नंदनवनच्या एका मुलीचा मामा दर मंगळवारी दुपारी २ ते ६ बहिणीकडे यायचा. कॅरम मांडायचा. भाची पहिले दोन महिने खेळायला बसलीच नाही. हा गडी दोन्ही बाजूंनी एकटाच सोंगट्या मारायचा, पावडर टाकायचा, पुन्हा मांडायचा. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. "काय झालं, कसं वाटतंय" यातलं अक्षर तो बोलला नाही. तिसऱ्या महिन्यात एकदा ती उठून बसली आणि म्हणाली, "मामा, तुमचा स्ट्रायकर रेषेच्या बाहेर आहे." मला हे मामांनी सांगितलं, डोळे पुसत. पण तिच्या आईने जे सांगितलं ते मला त्याहून मोठं वाटतं. ती मंगळवारी ते चार तास आतल्या खोलीत दार लावून झोपायची. म्हणाली, "मंगळवारी झोप होते ना, तर बुधवारी मी तिच्यावर ओरडत नाही."

या ओरडण्यावर जगात बरंच काम झालंय. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकापासून पाहिलं की दवाखान्यातून घरी गेल्यावर ज्या रुग्णांना सतत टीका, चिडचिड किंवा जीव गुदमरेल अशी देखरेख मिळते, त्यांचा आजार जास्त वेळा उलटतो. पुढे हेच मोजमाप चंदीगडच्या कुटुंबांत केलं, तेव्हा तिथे टीका लंडनपेक्षा कमी निघाली. आपल्याकडे माणसं धरून ठेवतात, याचा हा चांगला पुरावा. पण हे सांगताना मी दरवेळी थांबून एक वाक्य म्हणते, ताई, तेही ऐका. घरच्यांच्या बोलण्यामुळे आजार झाला असं त्या संशोधनात कुठेही नाही. थकलेलं, रात्र-रात्र जागलेलं, घाबरलेलं माणूस चिडतं, बस. म्हणून वहिनीला मिळालेली चार तासांची झोप ही तुमच्या भाच्याच्या उपचारातलीच गोष्ट आहे. मी ती गोळीच्या खालोखाल धरते.

आता दोष कोणाचा. मोबाइलने हा आजार होत नाही. क्लासने होत नाही. आनुवंशिक ठेवण, वाढत्या वयातले मेंदूतले बदल, झोपेची उलथापालथ, ताण, कधी गांजासारखं व्यसन, अशा बऱ्याच गोष्टी एकत्र येतात आणि त्यातली एक वेगळी काढून दाखवता येत नाही. हा आजार पहिल्यांदा दिसण्याचं वयही बहुतेकदा हेच, सोळा ते पंचवीसच्या आसपासचं. क्लास नेमका त्याच वयात लागतो, मोबाइलही त्याच वयात हातात येतो, म्हणून बोट तिकडे जातं. भावाला हेही सांगा की तो एकटा नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता. भाच्याला झालाय तसा आजार त्यामानाने विरळा, पण ६० पोरांच्या वर्गात तीन-चार घरं तरी आतल्या आत काहीतरी सोसत असतात. आजाराचं नाव डॉक्टर सांगत नाहीत म्हणजे लपवतात असंही नाही. पहिल्याच झटक्यात कायमचं नाव चिकटवू नये, काही महिने पाहावं, हीच या कामाची रीत आहे. तुम्ही इंटरनेटवर शोधून वहिनीला नाव पाठवू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं.

भाऊ-वहिनी तुमच्यासमोर एकमेकांवर ढकलायला लागले तर निवाडा करू नका. बहीण म्हणून भावाची बाजू घ्याल तर वहिनी कायमची गेली, आणि वहिनीची घ्याल तर भाऊ गप्प होईल. बापांचं मी फार पाहिलंय. ओपीडीत आई आत बोलत असते आणि बाप बाहेर हातात हेल्मेट धरून उभा असतो. त्याला कोणी आत बोलावत नाही. आईकडून त्याला कळतं ते अर्धं, मग तो उरलेलं रागाने भरून काढतो. पुढच्या तारखेला तुम्ही सोबत जा आणि मुलाजवळ बाहेर बसा, म्हणजे दोघं एकत्र डॉक्टरांसमोर बसू शकतील. डॉक्टरांनी काय सांगितलं ते दोघांनी एकाच वेळी, एकाच कानाने ऐकलं की निम्मी भांडणं मिटतात. नंतर भावासोबत चहा प्या. मुलाबद्दल विचारू नका, त्याची झोप होते का ते विचारा.

फाइलचं काम मात्र तुम्ही घ्याच. जाड प्लास्टिकची एक फाइल, तारखेप्रमाणे चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, आणि ४० पानी वही. वहीत रोज एक ओळ: किती वाजता झोपला, गोळी घेतली का, काही वेगळं दिसलं का. डॉक्टरांसमोर १० मिनिटं मिळतात आणि आईला त्या वेळी काहीच आठवत नाही. ही वही तेव्हा बोलते. अर्धी गोळी लिहिली असेल तर केमिस्टकडून गोळी कापायची छोटी डबी आणून द्या. भाजीच्या सुरीने गोळीचा चुरा होतो, आज पाऊण जाते, उद्या पाव. एका घरी मी ताटलीतला तो पांढरा चुरा आईला चिमटीने गोळा करताना पाहिलंय.

गोळीचे परिणाम तुम्हालाही माहीत हवेत, कारण दहशत तिथूनच पसरते. या जातीच्या औषधांनी कधी कधी मान एका बाजूला वळते, डोळे वर लागतात, जबडा आखडतो. पाहणाऱ्याला वाटतं अंगात आलं. एका कुटुंबाने अशा मुलाला रात्री १० वाजता मांत्रिकाकडे नेलं होतं. तो औषधाचा परिणाम असतो. तातडीने दवाखान्यात नेऊन इंजेक्शन दिलं की बहुतेकदा तासाभरात उतरतो. दुसरं, मुलगा एका जागी बसूच शकत नाही, घरभर येरझारा घालतो. घरच्यांना वाटतं आजार वाढला. तोही औषधाचा परिणाम असू शकतो, डॉक्टर डोस किंवा गोळी बदलतात. तिसरी गोष्ट भूक आणि वजन. रिस्पेरिडोनने भूक वाढते. आत्या म्हणून प्रेमाने "कसा गोलमटोल झाला" म्हणू नका. याच एका वाक्यावर गोळी फेकणारी मुलं मी पाहिली आहेत. आणि गोळ्या "गरम पडतात", "सवय लागते", म्हणून मध्येच बंद करा असा सल्ला घरात कोणी देत असेल तर तिथे मात्र तुम्ही ठाम उभ्या राहा. अचानक सोडलेली गोळी हे आजार उलटण्याचं फार मोठं कारण आहे.

हा मे महिना आहे, पारा ४५च्या आसपास. यातल्या काही गोळ्यांनी, विशेषतः सोबत हातापायांची थरथर थांबवणारी गोळी असेल तर, घाम कमी येतो आणि शरीर नीट थंड होत नाही. मुलाला तहान लागली हे सांगायचं भान नसतं. बाहेर नेणं सकाळी ८च्या आत किंवा सूर्य बुडाल्यावर. त्यांचा कूलर गळत असेल तर मेकॅनिक तुम्हीच पाठवा. अंग तापलं, स्नायू ताठ झाले, मुलगा गोंधळल्यासारखा बोलू लागला तर वाट न पाहता दवाखाना. पुढे कधी लिथियम ही मनाची चढ-उतार सावरणारी गोळी सुरू झाली तर पाणी आणि मिठाचं पथ्य डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या गोळीला फार जपावं लागतं.

आजीबद्दल. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांचा नातू आहे, त्यांना काहीतरी करायचं आहे आणि त्यांच्याजवळ तेवढंच आहे. ताजबागला, ताजुद्दीनबाबांच्या दर्ग्यावर, चादर चढवायची असेल तर चढवू द्या. आमच्याकडे दर्ग्याचा धागा हातात बांधलेली आणि गोळी वेळेवर घेणारी कितीतरी मुलं येतात. खुद्द ताजुद्दीनबाबांना १८९२ साली आपल्याच इथल्या मनोरुग्णालयात ठेवलं होतं, आजही तिथे लोक त्यांच्या नावाने माथा टेकतात. आजींना हे सांगा. त्यांच्या मनातली पागलखान्याची भीती यानेच उतरलेली मी पाहिली आहे. मर्यादा एकच. गोळी चुकणार नाही, उपाशी ठेवणार नाही, आणि कोणी मारणार, बांधणार, धुरी देणार असेल तर तिथे एक पाऊलही नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, साखळीने बांधणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

भाच्याला भावंड आहे का ते तुमच्या पत्रात नाही, पण धाकटं-मोठं कोणी असेल तर ते सध्या कोणाच्याच नजरेत नसणार. त्याची शाळेची वर्षअखेर, त्याचा वाढदिवस, त्याचा चष्मा. ते तुम्ही सांभाळा, आणि दादाला काय झालंय ते त्याला खरं, सोप्या शब्दांत सांगायला आईवडिलांना मदत करा.

एक अवघड बोलणं. मुलगा "मला जगायचं नाही" म्हणाला, वस्तू वाटून टाकू लागला, अचानक सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखं बोलू लागला, तर ते गंभीरच धरायचं. त्याला सरळ विचारता येतं, "तुझ्या मनात मरण्याचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट मूल बोलतं होतं. घरातल्या सगळ्या गोळ्या, आजीच्या बीपी-शुगरच्यासुद्धा, कुलपात. फिनेल, उंदरांचं औषध, गच्चीची किल्ली, तसंच. त्या काळात मुलाजवळ सतत कोणीतरी हवं आणि तो पहारा एकट्या वहिनीने करणं शक्य नाही. रात्रीच्या पाळ्या लावा, एक पाळी तुमची, एक तुमच्या मुलाची. डॉक्टरांचा नंबर, आणि १४४१६. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून आहे, २४ तास, फुकट, मराठीतही बोलतात. आईवडिलांनी स्वतःच्या मनासाठी केला तरी चालतो. जीव धोक्यात वाटला तर मात्र फोनवर बोलत न बसता मेडिकल, मेयो ही आपली सरकारी रुग्णालयं किंवा जवळची कॅज्युअल्टी गाठायची.

पुन्हा भरती करायची वेळ आलीच तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या दोन-तीन गोष्टी भावाला माहीत असू द्या. १८ वर्षांखालच्या मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं, आणि भरतीच्या पूर्ण काळात पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस सोबत राहू शकतं, राहायलाच हवं. म्हणजे तिथेही पाळ्या लागतील, आधीच ठरवून ठेवा. शॉक उपचार अल्पवयीन मुलाला पालकांची संमती आणि त्या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची आगाऊ परवानगी या दोन्हींशिवाय देता येत नाहीत, आणि भूल न देता तर कोणालाच नाही. आरोग्य विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असं तोच कायदा सांगतो. तुमच्या भावाचा ऑफिसचा विमा असेल तर कागद काढून वाचा. तो वाचायला त्याच्याजवळ आत्ता डोकं नाही.

भाऊ-वहिनीची अशाच दुसऱ्या आईवडिलांशी गाठ घालून द्यायचा प्रयत्न करा. ओपीडीतल्या सामाजिक कार्यकर्त्यांना विचारलं तर त्या कुटुंबाच्या परवानगीने ते जोडून देतात. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबू टाकून राहायला लावत. घरचे तिथेच काळजी घ्यायला शिकत, आणि त्यांचं माणूस बरं होताना नव्याने आलेली कुटुंबं पाहत. मी आणि तुम्ही कितीही सांगितलं तरी "आमचाही असाच होता, आता बी.कॉम.ला आहे" हे दुसऱ्या आईच्या तोंडून ऐकण्याची सर त्याला नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय की २८ तारखेला घरात लग्न आहे, त्यांना बोलवावं की नाही. बोलवा. न बोलावणं त्यांना कायम लक्षात राहील. पण येण्याचा आग्रह नको. आले तर जेवणाच्या वेळी तासभर, मुलाला एका कोपऱ्यात खुर्ची, डीजे सुरू व्हायच्या आत घरी. झोपेची वेळ चुकवायची नाही. आणि "आता बरा आहेस ना रे?" म्हणत गालाला हात लावणाऱ्या काकवांना आधीच सांगून ठेवा.

पहिला डबा उद्याच न्या. रिकामा डबा परत द्यायचा नाही ही आपली रीत, त्यामुळे वहिनी बिचारी त्यातही काहीतरी भरायला बसेल. पुढच्या खेपेला आधीचा डबा ओट्यावरून तुम्हीच उचला, तसाच, न धुतलेला, आणि घेऊन या.